याला बक्षीस असतं का काही?

मागच्या शनिवारी एकलहऱ्याला गेलो होतो. पुण्याहून निघायला उशीर, चाकणला नेहमीचं अडकणं, त्यामुळे मित्राच्या घरी पोचेस्तोवर जेवायची वेळ झाली होती.

मित्र शाळेपासूनचा. आम्ही दोघंही थर्मलची पोरं. नाशिकरोडला कुणी "कुठला रे तू?" विचारलं की आम्ही एकलहरे म्हणायचोच नाही, "थर्मलचा" म्हणायचो आणि तेवढं पुरायचं. त्याचे वडील बॉयलरला होते, माझे स्टोअर्सला. मी कॉम्प्युटर करून पुण्याला आलो, तो अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला लागला आणि तिथेच राहिला. काका रिटायर झाल्यावर त्यांनी सामनगाव रोडला घर बांधलं. त्या घराच्या मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून, दोन वर्षांचे रविवार घालवून माझ्या या मित्राने आणि त्याच्या दोन साथीदारांनी नऊ गाण्यांचा एक अल्बम केलाय. मराठीत. गिटार, बेस, ड्रम्स आणि एका गाण्यात चुकून आलेली कोळशाच्या मालगाडीची शिट्टी. ती त्यांनी काढली नाही, आणि बरंच केलं.

जेवणानंतर हॉलमध्ये सगळा अल्बम लावला. काका पेपर घेऊन बसले होते. नऊच्या नऊ गाणी त्यांनी ऐकली, मधे उठले नाहीत, पानही उलटलं नाही. संपल्यावर चष्मा काढून म्हणाले, "बरं आहे. याला बक्षीस वगैरे असतं का काही?"

आम्ही दोघं हसलो. मग मित्र हसायचा थांबला.

काकांचा प्रश्न टोमणा नव्हता हे आधी सांगतो. चौतीस वर्षं शिफ्ट केलेल्या माणसाचं साधं लॉजिक आहे ते. काम झालं की ते कुणीतरी तपासतं, वहीत नोंद होते, सही होते. हे जे पोरानं दोन वर्षं केलं ते कोण तपासणार? आणि मित्राच्या डोक्यात तोच प्रश्न वेगळ्या कारणाने होता. त्याने घरी शब्द दिलाय की हा अल्बम झाला की बास. मुलगी पहिलीत जातेय, रविवार घरचा. दिवाळीनंतर गिटार कपाटावर. "कुठेतरी पाठवता आलं असतं ना," तो मला गेटपाशी म्हणाला, "हरलो असतो तरी चाललं असतं. पण पाठवलं होतं असं तरी झालं असतं."

तो सबंध आठवडा मी हाच विचार करतोय, म्हणून आजचं हे लिखाण.

परतीच्या रस्त्यावर मी आर्केड फायरचा 'द सबर्ब्ज' लावला. सोळा गाणी, चौसष्ट मिनिटं. सिन्नर सोडल्यावर सुरू केला तर संगमनेर मागे टाकेपर्यंत पुरतो. या बँडमधल्या बटलर भावंडांचं बालपण टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळच्या 'द वूडलँड्स' नावाच्या वसाहतीत गेलं. आखून-रेखून बांधलेलं गाव, एकसारखी घरं, आणि संध्याकाळी काय करायचं हा पोरांपुढचा कायमचा प्रश्न. पुढे बँड जमला कॅनडात, माँट्रियलला, पण अल्बम त्या कंटाळवाण्या वसाहतीवर आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला टेक्सास अजिबात दिसलं नाही. मला टाइप टूची क्वार्टर्स दिसली, क्लबसमोरचं मैदान दिसलं, चिमण्यांवरचे लाल दिवे दिसले. आमच्या कॉलनीबद्दल कुणी गाणं करावं असं तिथे काही घडत नव्हतं. वूडलँड्समध्येही नव्हतं. तरी केलं की त्यांनी.

तर हा अल्बम ऑगस्ट २०१० मध्ये आला. काढला कुणी, तर मर्ज रेकॉर्ड्सने. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमची ही छोटी कंपनी १९८९ मध्ये सुपरचंक नावाच्या बँडमधल्या दोघांनी सुरू केली. आणि १३ फेब्रुवारी २०११ च्या रात्री (आपल्याकडे सोमवारची सकाळ, व्हॅलेंटाइन डे, ऑफिसात लाल फुगे) या अल्बमला ग्रॅमीचं 'अल्बम ऑफ द इयर' मिळालं. समोर कोण होतं बघा: एमिनेम, लेडी गागा, केटी पेरी आणि लेडी अँटेबेलम. बार्ब्रा स्ट्रायसँडने पाकीट फोडलं आणि नाव वाचताना तीसुद्धा जरा गोंधळलीच. मग इंटरनेटवर एकच कल्ला. "हे कोण बुवा आर्केड फायर?" लोक खरोखर चिडले होते. आठवड्याभरात स्टीव्ह स्टाउट नावाच्या म्युझिक इंडस्ट्रीतल्या बड्या माणसाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन ग्रॅमीवाल्यांना जाब विचारला की तुमचा लोकांशी काही संबंध उरलाय की नाही.

आता इथे नेहमीची गोष्ट सांगायचा मोह होतो. गरीब बिचारा छोटा बँड, बलाढ्य कंपन्या, डेव्हिड आणि गोलिएथ वगैरे. ते खरं नाही. 'द सबर्ब्ज' आला त्याच आठवड्यात बिलबोर्डच्या यादीत पहिल्या नंबरवर होता, पहिल्या आठवड्यात दीड लाखावर खपला, आणि त्या सुमाराला बँड न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वाजवत होता. भुकेकंगाल कुणी नव्हतं. स्टाउटचा रागही अगदीच बिनबुडाचा नव्हता. ग्रॅमीच्या इतक्या वर्षांत हिप-हॉपमधल्यांना हे सर्वांत मोठं बक्षीस मिळालंय ते १९९९ ला लॉरिन हिल आणि २००४ ला आउटकास्ट, एवढंच. म्हणजे काहींना दार उघडं, काहींना कायम किलकिलं. शिवाय त्या वर्षांत सदस्यांच्या मतांतून वर आलेल्या नावांमधून शेवटची पाच नावं एक बंद खोलीतली समिती ठरवायची. ती पद्धत २०२१ मध्ये बंद झाली. आर्केड फायरला त्या बंद खोलीचाच फायदा झाला असणार अशी माझी शंका आहे. असो.

मला त्या रात्रीतली सर्वांत आवडती गोष्ट वेगळीच आहे. त्याच सोहळ्यात 'बेस्ट आल्टरनेटिव्ह म्युझिक अल्बम' नावाचा छोटा गट होता, खास अशाच बँडांसाठी. 'द सबर्ब्ज' तिथेही स्पर्धेत होता. आणि तिथे हरला! ब्लॅक कीजच्या 'ब्रदर्स'ने नेलं ते. आपल्या गल्लीत दुसरे आणि अख्ख्या गावात पहिले. कुठल्याही गुणपत्रिकेत न बसणारा हा निकाल आहे. कॉलेजात असं झालं असतं तर रीचेकिंगला टाकलं असतं.

म्हणूनच मला वाटतं की अमुक अल्बम सर्वांत चांगला आहे हे पुरस्काराने सिद्ध होत नाही, ते कुणी फार मनावर घेऊही नये. पुरस्काराची खरी किंमत फॉर्ममधल्या रकान्यात आहे. डरहॅमच्या छोट्या कंपनीला आणि जगातल्या सर्वांत बड्या कंपन्यांना एकच फॉर्म भरावा लागला, एकाच रकान्यात नाव लिहावं लागलं आणि मत देणाऱ्यांपुढे ती नावं एका यादीत गेली. जिंकणं-हरणं नंतरचं. माझ्या मित्राला हवाय तो हा रकाना.

आणि आपल्याकडे तो नाही.

"कुठेय नाही, इतके सोहळे असतात टीव्हीवर!" मलाही आधी तसंच वाटलं. मग सवयीप्रमाणे एक्सेल उघडलं आणि एकेक लिहीत गेलो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार: नावातच आलं. फिल्मफेअर: तेच. तिथला संगीताचा अल्बम म्हणजे सिनेमाचा अल्बम. २०१० मध्ये 'गिमा' सुरू झालं, त्यात सिनेमाबाहेरच्या संगीतालाही जागा होती, पण तो सोहळाही काही वर्षांतच थांबला. इतर ठिकाणी अधूनमधून एखादा 'नॉन-फिल्म' गट येतो, जातो, नाव बदलून परत येतो. पण त्या शब्दाकडेच जरा बघा. नॉन-फिल्म. आपण काय आहोत हे नाही, आपण काय नाही हे त्या रकान्याचं नाव. कांदेपोह्यांना 'नॉन-बिर्याणी' म्हणण्यासारखं आहे हे.

राज्य सरकारचा लता मंगेशकर पुरस्कार आहे, पण तो व्यक्तीला मिळतो, आयुष्यभराच्या कामगिरीसाठी. आपल्याकडे संगीताचा मान व्यक्तीला द्यायचा, साठी उलटल्यावर द्यायचा, शाल-श्रीफळासकट द्यायचा, अशीच रीत पडलीय. त्यात वाईट काही नाही. पण यात 'यंदा अमुक एक चांगली गोष्ट झाली' असं म्हणायची सोय राहत नाही. शिवाय व्यक्तीचा सन्मान ही भानगड नाजूक असते. आर्केड फायरच्याच विन बटलरवर २०२२ मध्ये लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले. संबंध संमतीचे होते असं त्याने सांगितलं. मला तरी त्यानंतर ती गाणी अगदी पूर्वीसारखी ऐकता येत नाहीत. पण २०११ चं बक्षीस त्या चौसष्ट मिनिटांना होतं, त्याच्या चारित्र्याला नव्हतं, हा फरक अशा वेळी कळतो.

साहित्यात बघा आपण काय करतो. साहित्य अकादमीचा पुरस्कार पुस्तकाला. राज्य सरकारच्या वाङ्मय पुरस्कारांत तर पहिल्या पुस्तकासाठी वेगळा विभाग आहे. कुणा तालुक्याच्या गावच्या मास्तरांनी पहिलावहिला कवितासंग्रह छापला तरी ते पाठवू शकतात. मिळेल न मिळेल, पण पाठवता येतं. आमच्या नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार आहे, तो लेखकाला मिळतो, पण त्याच्या आजूबाजूला पुस्तकांना मिळणारे छोटे-मोठे कितीतरी पुरस्कार आहेत. मराठी माणसाला पुरस्कार द्यायचा उत्साह कमी आहे असं कुणी म्हणू नये.

आणि हा फरक किती महाग पडतो याचं एकाच माणसात दिसणारं उदाहरण आपल्याकडे आहे. अरुण कोलटकर.

'जेजुरी' १९७६ मध्ये पुस्तकरूपात आली ती क्लिअरिंग हाउसतर्फे. क्लिअरिंग हाउस म्हणजे कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी मिळून काढलेली प्रकाशन संस्था. इंडी लेबल म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? त्या पुस्तकाला १९७७ चं कॉमनवेल्थ पोएट्री प्राइज मिळालं. पुढे 'भिजकी वही' काढली प्रास प्रकाशनाने, म्हणजे अशोक शहाण्यांनी. पुन्हा तेच, एका माणसाच्या हिकमतीवर चाललेलं प्रकाशन. तिला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तोवर कोलटकर जाऊन वर्ष उलटलं होतं, पण पुस्तक स्पर्धेत होतं आणि जिंकलं.

आता दुसरी बाजू. याच माणसाला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रॉक संगीताने झपाटलं होतं. ते इंग्रजीत गाणी लिहीत होते, त्यांना चाली लावत होते. पखवाज शिकायला ते अर्जुन शेजवळांकडे जात होते. १९७३ च्या सुमाराला त्यांनी काही गाणी मुंबईत रेकॉर्डही केली. आणि पुढे? काही नाही. रेकॉर्ड निघाली नाही. मेहरोत्रांनी संपादित केलेलं 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' २००९ मध्ये आलं, त्यात त्या गाण्यांचे शब्द छापलेत. म्हणजे गाणी शेवटी पोचली ती पुस्तक होऊनच! तोच माणूस, तीच भाषेची ताकद, स्वतःच्या हिमतीवर काढायची तीच सवय. कविता छापल्यावर तिला पुढे जायला रस्ता होता: परीक्षणं, मासिकं, पुरस्कार, अकादमी. टेपला रस्ता नव्हता. पुरस्कार नव्हता म्हणून कोलटकरांनी गाणं सोडलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं बालिश होईल. पण एक गोष्ट जगभर गेली आणि दुसरी पुस्तकाच्या एका भागात येऊन थांबली, यात आजूबाजूच्या व्यवस्थेचा काहीच हात नाही असंही मला वाटत नाही.

"रस्ता नसला तर माणूस स्वतः रस्ता काढतो" असं म्हणणाऱ्यांसाठी गोव्याचे रेमो फर्नांडिस आहेतच. १९८४ चा 'गोअन क्रेझी'. शिवोलीच्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, सगळी वाद्यं स्वतः वाजवून, सगळे आवाज स्वतः गाऊन, कव्हरसुद्धा स्वतः काढून. मग कॅसेटी स्कूटरवर टाकून दुकानोदुकानी. पुढे 'ओल्ड गोअन गोल्ड', 'पॅक दॅट स्मॅक'. माझा मित्र आज लॅपटॉपवर जे करतो ते या माणसाने चाळीस वर्षांपूर्वी केलं, आणि लॅपटॉप नसताना. पण रेमो देशभर माहीत झाले कशाने? १९८७ च्या 'जलवा'मुळे. सिनेमा आला तेव्हा! आणि सरकारी सन्मान आला २००७ मध्ये, पद्मश्री. 'गोअन क्रेझी'ला तेवीस वर्षं झाल्यावर, आणि तोही अर्थात माणसाला. १९८४ साली ती कॅसेट कुठल्या स्पर्धेत पाठवली असती, सांगा बरं? मला एकही नाव सुचत नाही.

आपल्याकडे सिनेमाबाहेरचं गाणं चालतच नाही असंही नाही. 'गारवा'ने आमची कॉलेजची वर्षं भिजवली. 'आयुष्यावर बोलू काही'ला हाउसफुल्लच्या पाट्या लागल्या. श्रोते आहेत. पण या दोन्ही नावांच्या पुढेमागे त्याच वर्षांत अजून कोण काय करत होतं हे विचारलं तर गप्प बसावं लागतं. आठवण ठेवणारी यादीच कुणी केली नाही.

माझ्या ऑफिसातल्या एका ज्युनिअरला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "सर, आता अवॉर्ड कोण बघतं? अपलोड करायचं, अल्गोरिदम ठरवतो." मी पोटापाण्यासाठी जे काम करतो त्यात रेकमेंडेशनचं थोडंफार येतं, तेव्हा खात्रीने सांगतो: अल्गोरिदम काही ठरवत नाही. तुम्ही काल जे ऐकलं त्याच्यासारखं आज काय आहे, एवढंच तो शोधतो. सामनगाव रोडच्या मागच्या खोलीत झालेलं मराठी रॉक हे कशासारखंच नाही, म्हणून तो ते कुणाला दाखवत नाही. अशा वेळी कुणीतरी माणसाने "हे ऐका रे" म्हणायला लागतं, आणि त्या माणसाच्या म्हणण्याला काही वजन असायला लागतं.

यासाठी ग्रॅमीएवढा तमाशा लागत नाही. कॅनडात २००६ पासून पोलारिस म्युझिक प्राइज आहे. ब्रिटनच्या मर्क्युरीवरून घेतलेली कल्पना. संगीतावर लिहिणारे-बोलणारे लोक ज्युरी असतात, दहा अल्बमांची शॉर्टलिस्ट करतात, आणि कुठला प्रकार, किती खप, कुठली कंपनी हे बघायचं नाही असा नियमच आहे. प्रवेश फी नाही. २०११ मध्ये 'द सबर्ब्ज'ने तेही जिंकलं. अशी गोष्ट मराठीत करायला काय लागेल? वर्षभरात आलेले सिनेमाबाहेरचे सगळे मराठी अल्बम प्रामाणिकपणे ऐकणारी वीस-पंचवीस माणसं, एक यादी, आणि शेवटी एखाद्या नाट्यगृहात एक संध्याकाळ. बक्षिसाची रक्कम आपण पुण्यात एका टीम आउटिंगला उडवतो तेवढी असली तरी चालेल. कठीण भाग रकमेचा नाहीच. भावगीत, रॉक, रॅप, भीमगीतं, लोकसंगीत हे सगळं एकाच यादीत ठेवायचं म्हटल्यावर पहिल्याच मीटिंगला भांडणं होतील. होऊ देत की. न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देण्याइतकं कुणी आपल्या अल्बमांवरून चिडलंय, असं मराठीत एकदा तरी व्हावं.

रात्री घरी पोचल्यावर मित्राला फोन केला, हे सगळं सांगितलं. कोलटकर, रेमो, पोलारिस. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते ठीक आहे. आत्ता मला एवढंच सांग, सातव्या गाण्यात बेस जास्त झालाय का?"

झालाय, मी म्हणालो.

"काकांना... म्हणजे पप्पांना पण तसंच वाटतंय," तो म्हणाला. त्यांनी संध्याकाळी पुन्हा एकदा पूर्ण अल्बम लावायला लावला होता. या वेळी वही घेऊन बसले होते म्हणे. गाण्याचा नंबर, वेळ आणि शेरा, असे तीन कॉलम आखून.